आईला विकलेली काठी

संपादकांनी आठ पानं मागितली. मी चार म्हणालो. ते सहावर आले, मी पाचावर तोडलं. समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा मी आयुष्यात कधी मान्य केलेला नाही, आणि दिवाळी अंकासाठी नियम बदलायचं काही कारण मला दिसलं नाही. आता त्या पाच पानांत काय घालायचं ते मी ठरवणार.

मी काठ्या करायचो आणि विकायचो. नाचायच्या नव्हेत, मारामारीच्याही नव्हेत. म्हाताऱ्या माणसांच्या हातातल्या काठ्या. सांगलीत गणपती पेठेच्या मागं दहा फुटांचं दुकान होतं, आणि बाजारच्या दिवशी फलटण, वाई, माधवनगर अशी फिरती असायची. हे मी सांगतोय ते दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांचं. साताऱ्याकडच्या गावागावातली तरणी पोरं पलटणीत गेलेली, उरलेली मुंबईच्या गिरण्यांत. रॉकेल रेशनवर. घरात अंधार, म्हातारी माणसं एकटी, आणि धरायला कुणाचा हात नाही. लढाईत माणसं फक्त आघाडीवर पडतात असं लोकांना वाटतं. मी ती घराघरात पडताना पाहिली. माझा धंदा त्यावर चालला हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. पण पडलेल्याला काठी विकण्यापेक्षा, पडायच्या आत विकण्यात खरी हुशारी होती.

आणि ती सोपी नव्हती. कारण म्हातारं माणूस आपण पडलो असं कधी कबूलच करत नाही. ‘बसलो जरा’, ‘पाय मुरगळला’, ‘कुत्रं आडवं आलं’. म्हणून मी तोंडाला विचारायचोच नाही. घरात पाऊल टाकलं की आधी भिंत बघायचो. ज्याचा तोल जातो तो भिंतीला हात लावत चालतो. कमरेच्या थोडं वर, एका रेषेत, तळव्यांचे काळपट डाग दिसले की समजायचं, या घरात गिऱ्हाईक आहे.

दुसरी गोष्ट मला चार वर्षांनी कळली. माणसं पडतात सगळी, पण प्रत्येकाचं घर त्याला वेगळ्या जागी पाडतं.

वाईला वेणूकाकू म्हणून एक विधवा बाई होत्या, सत्तरीच्या. त्यांच्या पुतण्यानं मला बोलावलं. वर्षात दोनदा पडल्या होत्या, दोन्ही वेळा सकाळी, न्हाणीतून स्वयंपाकघरात जाताना. अंगावर ओलं सोवळं, पायाखाली ओला दगड. मी पुतण्याला विचारलं, “अहो, तुम्ही शेजारी उभे असता ना? धरत का नाही?”

तो म्हणाला, “सोवळ्यात आहे ती. शिवायचं कसं?”

भरलेल्या घरात नेमक्या त्या पंधरा पावलांत बाईला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. काठी दाखवली तर काकू कडाडल्या, “मी काय म्हातारी झाले? ने ती!”

मी नेली. आठ दिवसांनी तीच काठी परत आणली आणि म्हणालो, “काकू, ही चालायची नव्हे. तुमच्या सोवळ्याची वस्त्रं उंच दांडीवर वाळत घालायला काठी लागते ना, ती आणलीय. धुऊन घ्या, चालेल.”

काकूंनी काठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. “दांडीवर टाकायच्या काठीला मूठ असते?”

“नवीन पद्धत निघालीय.”

“लबाड आहेस,” त्या म्हणाल्या. पण ठेवून घेतली. त्या दिवसापासून दांडीची काठी म्हणून ती सोवळ्यात त्यांच्या हातात असायची. वस्त्रं त्यांनी जुन्याच काठीनं वाळत घातली.

सांगलीत नेमण्णा नावाचे जैन व्यापारी होते. ते पडायचे देवळाच्या पायऱ्यांवर. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, मग पाणीसुद्धा नाही, आणि पहाटे रिकाम्या पोटी अनवाणी दर्शनाला. चौथ्या पायरीवर डोळ्यांपुढं अंधारी. त्यांना काठी चालत होती, काठीचं टोक चालत नव्हतं. मी लोखंडी टोपी बसवायचो.

“त्याच्याखाली किती मुंग्या मरतील, हिशेब केलायस का?”

“मग चामड्याची बसवतो.”

“राम राम! चामडं हातात धरून देवळात जाऊ?”

मी भडकलो. म्हणालो, “मग हवेवर टेकवा काठी!” माझा स्वभाव हा असा. पण रात्रभर डोक्यात तेच. सकाळी मोटारीच्या जुन्या टायरचा तुकडा कापून टोकाला बसवला. मऊ होता, मुंगीला जगायची संधी होती. नेमण्णा खूश झाले. आणि माझ्या लक्षात आलं की गुळगुळीत फरशीवर लोखंड घसरतं, रबर घट्ट धरतं. तेव्हापासून माझी प्रत्येक काठी रबराची झाली. पुढं बाजारातल्या एका मोठ्या दुकानदारानं हीच युक्ती आपली म्हणून मिरवली. त्याचं नाव मी लिहीत नाही, पण विसरलेलोही नाही.

मिरजेचे हुसेनचाचा ऐंशीच्या पुढचे. दिवसातून पाच वेळा जमिनीवर बसणं-उठणं, त्यामुळं गुडघे माझ्यापेक्षा चांगले. तेही पडले, पण कुठं? मशिदीत. काठी बाहेर चपलांजवळ ठेवायची आणि हौदापर्यंतची ओली दहा पावलं रिकाम्या हातानं चालायची. मी त्यांना दुसरी काठी विकली, आतच ठेवायची, बाहेरची धूळ न लागलेली. चाचा हसून म्हणाले, “एक बुढा, दो लकडी! तू बडा होशियार आहेस रे.” दोन काठ्या विकल्याचा आनंद मला झालाच, पण ते नंतर पडले नाहीत याचा जास्त झाला. हे कुणाला खरं वाटत नाही.

मापाचंही तसंच. काठीचं माप म्हणजे माणसाला सरळ उभं करायचं, हात खाली सोडायला लावायचा, आणि जमिनीपासून मनगटापर्यंत काठी कापायची. सोपं आहे. पण वेणूकाकू घरात अनवाणी, हुसेनचाचा जाड टाचेच्या जोड्यात, फलटणचा शेतकरी दोन बोटं जाड वहाणेत. जसा चालतो तसा उभा केला नाही तर काठीच माणसाला पाडते. मी चुकीचं माप कधी घेतलं नाही. म्हणून माझा एक नियम होता, दुकानात पाटीच लावली होती: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

आता माझ्या माणसांविषयी.

मी माणमधला, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीतला. आम्ही धनगर. आमच्याकडं काठी कानापर्यंत उंच, आणि ती जन्माबरोबर हातात येते. डोंगरावर आमचा ऐंशीचा म्हातारा मेंढरामागं उतरतो आणि पडत नाही. पण आमचं दार बुटकं. उंच काठी दारातून आत जात नाही, म्हणून ती बाहेर टेकवून ठेवायची, वाकायचं, आणि उंबरा ओलांडायचा. आमची माणसं डोंगरावर नाही, उंबऱ्यावर पडतात.

बायकांच्या हातात तर काठी नसतेच. आणि आमच्या वाडीत आणखी एक समज होता. म्हाताऱ्या आईच्या हाताखाली लेकाचा खांदा असायचा. लेकानं तिला काठी दिली, तर त्याचा अर्थ एकच, की बाई, आता तुझी तू चाल.

माझी आई वाडीत एकटी राहायची. माझा धाकटा भाऊ बापू पलटणीत गेला होता. मी सांगलीत. तिला सांगलीला ये म्हणून मी दोनदा निरोप धाडला, ती दोनदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा मी धाडला नाही. कारण आमच्यात एक जुनी गोष्ट होती.

वडील गेल्यावर दुष्काळात मेंढरं संपली. दोन लेकांना घरात खायला नव्हतं. आईनं मला फलटणला लाकडाच्या वखारीत कामाला पाठवलं आणि बापूला जवळ ठेवलं. जायच्या दिवशी मी तिच्याकडं एकच वस्तू मागितली, वडिलांचं काळं घोंगडं. आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, जाड, पावसाचा थेंब आत येऊ न देणारं. मी थोरला, ते माझं होतं. ती म्हणाली, “त्ये ऱ्हाऊ दे हितं.” वखारीतले तीन हिवाळे मी गोणपाटात काढले. बापू घोंगड्यात झोपत असणार, हे रोज आठवायचो. पुढची कित्येक वर्षं मी वाडीला फिरकलो नाही. पैसे धाडले, मी गेलो नाही.

लढाईच्या मधल्या एका दिवाळीला गेलो. घरात शिरलो आणि सवयीनं भिंत बघितली. पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत. चुलीपासून दारापर्यंत तळव्यांची रांग.

आई अंगणात उभी होती तेव्हा लांबूनच तिचं मनगट डोळ्यांत भरून घेतलं, परत आलो आणि बाभळीची काठी केली. तेवढी चांगली काठी मी आधी केली नव्हती, नंतरही नाही. धगीवर धरून सरळ केली, जवसाचं तेल मुरवलं, मूठ तिच्या बारक्या हाताला बसेल अशी घासली. वेणूकाकूंची युक्ती डोक्यात होतीच. मुठीखाली बाजूला एक छोटा आकडा ठेवला. शेळ्यांसाठी झाडाची फांदी खाली ओढायला आमच्याकडं आकडी वापरतात. आकडी बाई वापरू शकते.

महिन्याभरात पुन्हा आलेला बघून आईनं आश्चर्य दाखवलं नाही. काठी हातात घेतली, फिरवली.

“ह्ये काय हाय रं, सख्या?”

“आकडी.”

“आन् हिला मूठ कशाला? शेळ्यांचा हात धरून चारायच्यात व्हय?”

“धरायला बरी पडती.”

तिनं टोक वर केलं. “आन् ह्ये रबराचं पायताण? आकडीला पाय फुटलं?” ती हसायला लागली. दात नव्हते, पण हसू वाडीभर गेलं असेल. शेजारची ठकूआत्या कुंपणावरून डोकावली. तिला आई म्हणाली, “ठके, माजा ल्योक बघ. साऱ्या मुलखाला शेंड्या लावून आला आन् आता आयला लावाय लागलाय.”

मग हसू थांबलं. काठी तिनं माझ्यापुढं धरली. “न्हाई रं घ्यायची. लेकानं काठी दिली म्हंजी लेकानं खांदा काढून घेतला.”

“खांदा हाय कुठं, आय? म्या सांगलीत, त्यो तिकडं लढाईत.”

“म्हनून तर.”

मी चिडलो नाही, हे विशेष. म्हणालो, “बरं, मग दिली न्हाई. इकत घे.”

तिचे डोळे लकाकले. भाव करायची कला मी कुठून घेतली हे सांगायला नकोच. “इकत घ्यायला हरकत न्हाई,” ती म्हणाली आणि अंगणातल्या दगडावर बसली. “बोल, काय घेशील? एक तलंग देते.”

“कोंबड्या सांगलीत लय हायत.”

“दोन पायली बाजरी.”

“तुलाच पुरंना. मला काय देतीस?”

“मग तूच बोल की.”

इथं मी काहीही बोलू शकलो असतो. एक भाकरी म्हणालो असतो, ती लगेच उठून भाजायला बसली असती. पण आत दोरीवर ते काळं घोंगडं दिसत होतं, आणि इतक्या वर्षांचं गोणपाट माझ्या अंगाला टोचलं.

“आबाचं घोंगडं,” मी म्हणालो.

ठकूआत्या कुंपणावरून सरकली.

“त्ये बापूचं हाय.”

“बापूला सरकारनं दोन कांबळी दिल्यात.”

“दुसरं काय बी माग.”

“मोल सांगितलं माझं. एकच बोली.”

“लय म्हाग हाय तुजी काठी, गड्या.”

ती मला गड्या म्हणाली. परक्या व्यापाऱ्याला म्हणतात तसं. माझं डोकं फिरलं. मी काठी उचलली, “परवडत न्हाई तर ऱ्हाऊ दे” असं म्हणालो आणि वाटेला लागलो. वळून एकदा पाहिलं. ती दारात उभी होती, चौकटीला तळवा टेकवून.

खरा व्यापारी जाणाऱ्या गिऱ्हाइकाला परत हाक मारतो. इथं उठून चाललो होतो मी, आणि तिनं हाक मारायची वाट बघत होतो. ओढा ओलांडेपर्यंत पावलं हळू टाकली. हाक आली नाही.

काठी दुकानात खुंटीला लावली. चारपाच जणांनी मागितली. त्यांना ती आखूड पडते असं मी सांगायचो, आणि ते खरंही होतं. तेवढ्या मापाचं माणूस सांगलीत नव्हतं. शिवरात्रीपर्यंत मी रोज ठरवायचो की उद्या जाऊन देऊन येऊ. आणि रोज वाटायचं, तिनं निरोप धाडला तर.

निरोप आला तो माधवनगरच्या गिरणीत कामाला आलेल्या वाडीच्या एका माणसाकडून. “तुजी आय पडलीया. उठत न्हाई.”

तसाच निघालो. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटर, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. दिवस मावळता पोचलो. आई भिंतीकडेला पडली होती. गावातल्या माणसानं कमरेखाली बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. मी मिरजेच्या दवाखान्याचं नाव काढलं तर तिनं हात हलवून ते उडवून लावलं.

मी बाहेर येऊन ठकूआत्यावर ओरडलो, “आवं आत्या, तुमी शेजारी ऱ्हाता! काय करत हुती ती, पडली कशी?”

आत्याही कमी नव्हती. “माज्यावर कशाला वरडतोस? सांगलीची मोटर धराय चालली हुती, फटफटायच्या आत. दोनी हातांत त्ये घोंगडं. दारात वाकली, भिंतीला हात लावाय हात मोकळा न्हाई. उंबऱ्यात आडाकली.”

“घोंगडं घिऊन कुठं?”

“तुज्याकडंच की! म्हनली, सख्यानं मोल सांगितलंय, देऊन टाकते, पाय आयकंनात आता.”

मी बराच वेळ अंगणातल्या त्या दगडावर बसलो. तिनं माझा पहिला आकडा मान्य केला होता. आयुष्यभर मी ज्यांच्याशी सौदा केला त्यांच्यात असं करणारी ती एकटी.

आत गेलो तर ती जागी होती. पहिलं वाक्य, “आणलीस का?”

“न्हाई आणली.”

“मोल मागून माल घरी ठिवलास? कसला यापारी रं तू!”

“आय, तशीच घे. आणून देतो उद्या. घोंगडं नगं मला.”

“तशीच घ्यायची न्हाई. आदी ह्ये घे.” उशाला घडी करून ठेवलेलं घोंगडं तिनं माझ्याकडं ढकललं. तेवढ्यानं तिच्या कपाळावर घाम आला. मी घेतलं. त्याला धुराचा वास होता, मेंढरांचा नव्हता. तो कधीच गेला असणार.

मग मी इतक्या वर्षांचं विचारलं. “तवा का दिलं न्हाईस? वखारीत जाताना?”

तिनं डोळे मिटले होते. वाटलं झोपली. मग म्हणाली, “दिलं आसतं तर तुजं हितं काय ऱ्हायलं आसतं? मागाय तरी येशील, म्हनलं.”

मी तिसऱ्या दिवशी काठी घेऊन परत पोचलो. तिनं ती पांघरुणावर आडवी ठेवून घेतली, मुठीवरून अंगठा फिरवला. “बसती रं हातात,” म्हणाली. माझ्या कामाचं तिनं केलेलं कौतुक तेवढंच. पुढचा महिनाभर त्या काठीनं ती पडल्या जागेवरून घर चालवत होती. भिंतीवर ठोकून ठकूआत्याला बोलवायची, भाकरीकडं आलेल्या कोंबड्या हुसकायची, आकड्यानं गाडग्यावरचं झाकण ओढायची. मी आवाज चढवला की माझ्या नडगीवर हलकेच मारायची. चालली मात्र एक पाऊलही नाही. पाडव्याच्या आठवड्यात गेली.

बापूला रजा मिळायला उशीर झाला. तो आला, रडला, माझ्या खांद्यावरचं घोंगडं त्यानं हातानं सारखं केलं. मला वाटतं, आईनं ते कशासाठी ठेवलं होतं हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ठकूआत्यानं काठी माझ्यापुढं धरली तेव्हा माझ्या तोंडातून आपोआप निघालं, “विकलेला माल मी परत घेत नाही.” काठी सांगलीला आणली ती तिची म्हणून. खुंटीला लावली ती तिची म्हणून. दुकान बंद केलं तेव्हा घरात आणली. कुणाला हात लावू दिला नाही.

माझी तक्रार अजून मिटलेली नाही, हे खरं लिहितो. एवढी भाव करणारी बाई, तिनं घासाघीस करायला हवी होती. ‘लय म्हाग हाय’ म्हणून गप्प कशाला बसली? अर्धं घोंगडं म्हणाली असती, मी ऐकलं असतं. नुसती हाक मारली असती तरी ऐकलं असतं. मी कधीकधी दुपारी एकटाच बसून तिच्याशी तो सौदा पुन्हा करतो. प्रत्येक वेळी एका भाकरीवर तोडतो.

गेल्या वर्षी मी पडलो. न्हाणीत. घरच्यांना सांगितलं, बसलो जरा. पण माझ्या मुलाला भिंत वाचता येत असावी. तो पुण्याहून एक चकचकीत काठी घेऊन आला, चार पायांची. मी असा ओरडलो की सुनेच्या हातातला कप पडला. मुलाला वाटलं, म्हातारपणाचा त्रागा. त्याला बिचाऱ्याला आमच्या वाडीतलं काय ठाऊक?

तो परत गेल्यावर मी खुंटीवरची काठी काढली. केली तेव्हा ती माझ्या मनगटाच्या चांगली चार बोटं खाली राहायची. सरळ उभा राहिलो, म्हणजे आता जमतं तेवढा सरळ, हात खाली सोडला. मूठ बरोबर मनगटाला लागली. माप चुकलेलं नाही.

सध्या मी तिनं चालतो. लेकानं आईला काठी दिली तर काय समजायचं ते आमच्याकडं ठरलेलं आहे. आईनं लेकाला दिली तर काय, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.